पान एकशे सेहेचाळीस

शालिमारला अश्फाकच्या हातगाडीवर
दहावी-बारावीच्या गाईडांखाली दबलेली होती ही कादंबरी.
चाळीस म्हणाला. मी तीस म्हटलं.
‘बाई, नुसत्या पुठ्ठ्याचे तीस होतात,’ म्हणाला
आणि पस्तिसात दिली.

कादंबरीतही असंच एक दुकान.
समुद्राकाठचं कुठलंसं गाव, जुन्या पुस्तकांची अंधारी खोली,
आणि बेहराम नावाचा मालक,
जो गिऱ्हाइकाला आधी चहा विचारतो
आणि त्याचं आवडतं पुस्तक कुणी उचललंच
तर ‘ते विकलंय’ म्हणून खुशाल खोटं सांगतो.

पहिल्या पानावर निळ्या शाईत: वि. रा. गायधनी, देवळाली गाव.
गायधनींना पेन्सिलीची सवय.
बेहराम काही शहाणपणाचं बोलला की खाली रेघ.
समुद्र आला की समासात ‘छान’.
एका ठिकाणी नुसतं ‘हो ना!’

खोड मलाही आहे.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये नोटांचे ताव तपासले.
शाई कुठे फुटली, आकडा कुठे सरकला,
हजारात एक वाकडी रेघ, बोट तिथेच जाऊन थांबायचं.
रिटायर झाले, डोळे अजून ड्युटीवर.
पान एकोणीस: ‘दुकान’चं झालंय ‘दुखान’.
पान त्रेसष्ट: बेहरामचा चष्मा दोनदा हरवतो, एकदाच सापडतो.
पान एकशे दोन: एक काना जास्तीचा.
मी मनातल्या मनात शिक्का मारते, रद्द.

जेलरोडला, दुसऱ्या मजल्यावर,
जानेवारीचं ऊन गॅलरीत सरकेल तशी खुर्ची सरकवत
आम्ही दोघं वाचतो,
मी आणि कधी न पाहिलेले गायधनी.
ते थोडे पुढे.

आणि पान एकशे सेहेचाळीसला पेन्सिल थांबते.
रेघ अर्धीच,
‘मुलीनं कपाटाला हात लावला आणि’ इथपर्यंत.
पुढे कोरं. छान नाही, हो ना नाही.

कंटाळले? नंबर वाढला चष्म्याचा?
की देवळाली गावातून एक दिवस
कुणी पोत्यात भरून सगळं
पुस्तक मिटलं. चहा केला.
परत उघडलं.

ती मुलगी, बापानं विकलेलं पुस्तक शोधत आलेली,
आणि बेहरामला पक्कं ठाऊक ते कुठे आहे,
त्याच्याच उशीखाली,
आणि तो तिला चहा विचारतो,
ती नको म्हणते, तो पुन्हा चहा विचारतो…

माझ्या कपात साय धरलेली.
प्रेसचा भोंगा होऊन गेला असणार,
ज्यानं एकतीस वर्षं मला उठवलं-बसवलं,
तो मी ऐकलाच नाही.
शिरोडेबाई खालून दोन हाका मारून
एकट्याच बाजारात गेल्या म्हणे.
ऊन समोरच्या टाकीवर, पाय गार,
मी दोनशे एकतीसवर.

तेव्हा लक्षात आलं,
एकशे सेहेचाळीसनंतर एकही चूक सापडलेली नाही.

असतील. छपाईला मी ओळखते.
उद्या कदाचित मागे जाऊन बघेन.
आत्ता पंचवीस पानं उरलीत,
बेहरामनं उशीखाली हात घातलाय,
आणि गायधनी, तुमची पेन्सिल
खाटेखाली कशी गडगडत गेली असेल
ते मला कळलंय.