कोण किती पाण्यात

मुर्गाबच्या शाळेच्या छपरावर
एक पांढरं वाडगं पालथं ठेवलंय.
वीस हजार किलोमीटर उंचीवरून उपग्रह हाक देतो,
ती इथवर पोचते किंचित उशिरा,
जणू वाटच दीडेक मीटरने लांबली.
त्यातून कोरड्या हवेचा वाटा वजा केला
की उरतात दोन बोटं.

ही दोन बोटं म्हणजे वाफ.
आभाळ किती पाण्यात आहे ते यावरून कळतं:
पामीरचं अख्खं आभाळ पिळलं
तर चार मिलिमीटर.
पियाल्याचा तळ भिजेल, बस्स.

दुसरा उपग्रह हाक देत नाही, नुसता बघतो,
डोंगराने परतवलेल्या उन्हातले
किती घास वाफेने खाल्ले.
त्याचा एकेक चौकोन पाच किलोमीटर रुंद.
एकाच चौकोनात वरची धार, जिथे कायमचा बर्फ,
आणि खालची दरी, जिथे बुरुलचाचे याक.
तो म्हणतो, तीन.
तीनमध्ये ना बर्फ राहतो ना याक.

बुरुलचा हवामान केंद्रात नोंदी ठेवते, पेन्सिलीने,
कारण शाई गोठते.
तिची आई इथूनच फुगे सोडायची.
गॅसची नळकांडी यायची थांबली, मग आईही थांबली.
मी दुशान्बेहून आकडे पाठवतो,
ती ते तपासते तिच्या पद्धतीने:
रात्री लोकरी स्वेटर काढताना
ठिणग्या दिसल्या तर एक,
नुसतं चटचटलं तर दोन,
काहीच झालं नाही तर
पुढचं तुझ्या यंत्राला विचार, म्हणते.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी वाडगं म्हणालं, एकोणीस.
नोव्हेंबरात. मुर्गाबला. एकोणीस!
दुसरा उपग्रह ढगांवर अडकलेला, मुका.
मी गणित तीनदा उसवलं,
घड्याळांवर संशय घेतला,
मग तापमानावर, मग स्वतःवर.

तिचा निरोप आला दुपारी:
"वाडग्यावर बर्फ बसला होता.
शिडी पोरांनी पळवलेली, म्हणून वेळ लागला.
बाहीने पुसलंय. बघ आता."

पाहिलं. चार.

खाली आणखी एक ओळ होती:
"बाही अजून ओली आहे.
ती कुठल्या रकान्यात लिहू?"