मधला खटका

औलूत नोव्हेंबर. दुपारी तीनलाच दिवा.
रित्वा भावाची गिटार पालथी घालून
मागचं झाकण उघडते.
चाळीस वर्षं जहाजांच्या तारा जोडल्या,
हे तर पाच तारांचं काम:
लाल, पांढरी, हिरवी, काळी, आणि एक उघडी.

पण प्रत्येक कंपनीचा लाल निराळा.
एकीचा म्हणजे सुरुवात, दुसरीचा शेवट.
मीटर धरून ती पुटपुटते,
मानेपाशी साडेसात, ब्रिजपाशी सव्वाआठ,
याहून गरम नको, एस्को मुळातच ओरडा.

हंबकर म्हणजे दोन वेटोळी, उलटसुलट गुंडाळलेली.
भिंतीतल्या विजेची भुणभुण
एकातून सुलटी निघते, दुसऱ्यातून उलटी,
भेटल्या की दोघी शून्य;
तारेचा सूर तेवढा वाचतो.
रित्वा आणि एस्को भेटले
की भुणभुणच वाचायची.

कथील चमकतं. धूर डोळ्यांत.
मधल्या खटक्यावर आवाज पातळ, नाकातला:
कुठेतरी एक जोड उलटा पडलाय.
दोन मिनिटांचं काम, सळई अजून तापलेली.

मार्चमध्ये, इस्पितळातून, फोनवर
तो असाच बोलला होता. हवामानाबद्दल.

ती सळईची पिन काढते.
झाकणाचे चार स्क्रू होते,
तीनच सापडतात.