तिसरा आकडा

तीन प्रोग्रॅम. तिघांची तीस-तीस दिवसांची उधारी,
त्यातले नऊ उरलेत.
साहेब म्हणतात, शुक्रवारपर्यंत एक नाव दे, नातेला,
शक्यतो स्वस्तातलं.

पहिला रंगीत. बसबारवर टिचकी मारली
की अख्खं कुताइसी पडद्यावर उजळतं,
फॉल्टच्या जागी लाल ठिपका धडधडतो.
विकायला आलेला मुलगाही तसाच, तिबिलिसीचा,
बुटांवर चिखलाचा थेंब नाही.
दुसरा स्वस्त.
तिसरा राखाडी, कुरकुऱ्या.
एक केबल जोडायची तर कस्टमच्या कारकुनासारखा विचारत बसतो:
लांबी किती, कशात पुरली, कुठल्या साली?
माहीत नाही? मग पुढे जाता येणार नाही.

पुस्तकातली उदाहरणं तिघांनाही पाठ.
म्हणून वारलामना बोलावलं,
बातोनो वारलाम म्हणतो आम्ही, आदरानं.
रिओनीकाठच्या सबस्टेशनची प्रत्येक तार
त्यांनी ओढलेली, नाहीतर तिला शिव्या घातलेल्या.
पिशवीतून चौकड्यांची वही काढली,
एक पिवळी पडलेली सरकपट्टी.
"हा फॉल्ट घाल. सत्त्याऐंशीचा जानेवारी.
रेशीम गिरणीचा फीडर, सहा किलोव्होल्ट."

तो जानेवारी इथे सगळ्यांना माहीत आहे.
स्विचगिअरच्या खोलीत काजळीचा डाग आहे,
तीनदा चुना दिला तरी वर येतो.
त्याच्याखाली ओतारची खुर्ची असायची.
ब्रेकर उघडायला गेला
आणि उघडला नाही, फुटला.
चौकशीत लिहिलं: तेल जुनं होतं.
ब्रेकर वारलामनी निवडला होता,
वीस किलोअँपिअरचा.
वहीत उत्तर अठरा पॉइंट सात,
खाली दोन रेघा आणि सही.

पहिला म्हणाला, अठरा पॉइंट सहा.
दुसरा, अठरा पॉइंट नऊ.
वारलामनी चहाचा ग्लास उचलला, तसाच ठेवला.
तिसऱ्यानं विचारलं, गिरणीत मोटरी किती?

"चाळीस," ते म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं, "बेचाळीस. दोन रंगखात्यात."

एकवीस पॉइंट चार.

वीज कोसळते, पण चाक लगेच थांबत नाही.
ज्या मोटरींनी जन्मभर नुसतं घेतलं
त्या थांबता थांबता उलट्या देऊ लागतात,
अंगात जे काही फिरतंय ते सगळं
त्याच जखमेत ओततात,
चार-पाच आवर्तनं.
तेवढी पुरतात.

(पहिल्यातही तो रकाना होता. मला नंतर सापडला,
पाच पडद्यांमागे, आधीपासून रिकामा.)

मी हळूच म्हटलं, दोन विरुद्ध एक आहे.
दोघांच्या मते तुमचं बरोबर होतं.
ते हसले नाहीत.
"दोघं माझ्यासारखेच. सोपं तेवढं मोजतात.
हा घे, तिसरा.
ज्याचं माप त्याच्या पदरात घालतो."

साहेब किमतीवरून ओरडतील.
निवडीचं कारण, या रकान्यात मी अर्धं पान लिहिलं,
खोडलं,
आणि लिहिलं: मोटरी विचारतो.

छापलेल्या पानाच्या चार घड्या करून
वारलामनी कोटाच्या खिशात ठेवल्या.
शनिवारी बाजारात दिसले,
ओतारच्या बायकोच्या, त्सिआलाच्या टेबलासमोर.
इतकी वर्षं चीज तिच्याकडूनच घेतात,
कधी घासाघीस केली नाही;
आम्हाला वाटायचं, चव आवडत असेल.
ती वजन करत होती.
त्यांचा हात खिशावर.
मी अक्रोडांच्या ढिगामागे क्षणभर थांबले
आणि दुसऱ्या वाटेनं निघाले.