बडनेरा ते अकोला, मधे बोगदा

मिर्फ्यात साडेसहा वाजले की भुसावळला आठ.
इंदू फोन टीव्हीसमोर उभा करते, तुरीच्या डब्याला टेकवून,
आणि आम्ही दोघं एकच मालिका बघतो,
ती तिकडून, मी कॅम्पच्या वरच्या बंकवरून,
तिच्या घरातला पंखा मधेमधे नायिकेच्या कपाळावर फिरतो.

आज मृण्मयी घर सोडून निघाली.
फलाटावर हमाल नाही, कुत्रं नाही,
गोणपाटात शिवलेलं एक पार्सलसुद्धा नाही.
सुटताना गाडीला डिझेलचं इंजिन होतं,
पुलावर आली तोवर विजेचं झालं,
आणि शिट्टी वाजली ती वाफेची,
जी माझ्या बापानेही नोकरीच्या पहिल्या दोनच वर्षांत ऐकली.
मग बोगदा. बडनेरा ते अकोला, मधे बोगदा!
म्हटलं, इंदे, अगं तिथे कपाशीपलीकडे कपाशीच,
डोंगर कुठून आणला यांनी, भाड्याने?
गप बसा हो, ती म्हणाली, रडतेय ती.

शेवटी विक्रांतने साखळी ओढली
आणि गाडी थांबली.
रिक्षा थांबते तशी.

आता मला राहवेना.
अगं, साखळी ओढली की आधी दाब उतरतो,
चाकं किंचाळतात, करपल्या लोखंडाचा वास सुटतो,
तरी पाऊण किलोमीटर जातेच गाडी पुढे,
मग गार्ड शिव्या देत खडीवरून डबे मोजत येतो,
विक्रांतला दंड,
आणि प्रेमाचं काय ते चौकीत बोला.
खालच्या बंकवर टेकबहादूर बनियनने डोळे पुसत होता.
जुमल्याचा माणूस, गावात रूळ नाही, मराठीचं अक्षर कळत नाही.
"रोकियो, दाइ," मला म्हणाला, "रोकियो!"

बाप माझा सांधेवाला.
प्रत्येक गाडीच्या शेवटच्या डब्यावरची फुली बघायचा,
फुली दिसली म्हणजे गाडी पुरती गेली,
मागे तुटून काही राहिलं नाही.
फुली दिसेपर्यंत घास हातात तसाच धरायचा.
मृण्मयीच्या गाडीला मागे नुसतं धुकं होतं.
वऱ्हाडात, एप्रिलमध्ये.

हे सगळं मी बोलतोय खरा.
पण आमच्या गल्लीत विचाराल तर
मी अबुधाबीत रेल्वे चालवतो.
इजिप्तच्या हानीने मला दोन मिनिटं त्याच्या सीटवर बसू दिलं,
तेवढ्यात काढलेला फोटो भुसावळला फ्रेममध्ये आहे,
हात लिव्हरवर, नजर लांब क्षितिजावर,
विक्रांतही इतकं बनचुकं बघत नसेल.
मी रुळावरची वाळू काढतो.
रात्री अकरा ते सात, चौदा माणसं, फावडी आणि एक ब्लोअर,
सकाळी काढलेली जागा वारा संध्याकाळी परत भरतो.
तीनच्या सुमाराला गंधकाची गाडी येते,
शंभरावर वाघिणी, एकीलाही खिडकी नाही,
हात हलवायला कुणी नाही,
तरी मी फावडं वर करतो.
मागे लाल दिवा लुकलुकत जातो. फुलीऐवजी.
तो दिसेपर्यंत मी वाळूला हात लावत नाही.

ब्रेक लागला. साबणाची जाहिरात.
जुई मधे घुसली, अर्धा चेहरा, अर्धी वेणी,
हातात चित्राची वही,
इंजिनाला गुलाबी धूर, खिडकीत मिशीवाला मी.
"पप्पा, तुमची गाडीपण अशीच थांबते? साखळी ओढली की लगेच?"

मालगाडीला साखळी नसते.
आणि इतकं वजन थांबायला
आपल्या घरापासून तुझ्या शाळेपर्यंतचा रस्ता लागेल, तोही कमी पडेल.

"अशीच," म्हटलं. "लगेच."

इंदूने टीव्हीवरची नजर काढून
फोनमध्ये पाहिलं.
मालिका पुन्हा सुरू झाली होती, तरी ती वळली नाही.
म्हणाली, "आज वारा आहे का हो तिकडे?"
आहे म्हटलं.
"मग तोंडाला फडकं बांधून जा."