नांगराला चिखल

फुजैराच्या समोर सत्तर-ऐंशी जहाजं कायम उभी असतात.
उभी म्हणजे नांगर टाकून.
पण नांगरावरचं जहाज उभं कधीच राहत नाही,
साखळीच्या लांबीएवढं गोल गोल फिरतं,
लांबून बघणाऱ्याला वाटतं, निघालं.

मी दिवसा त्यांच्या पोटातलं तेल मोजतो.
पितळी ओळंबा, फीत, फितीला चोपडलेली पेस्ट,
टाकी क्रमांक चार, अकरा मीटर बेचाळीस.
आणि संध्याकाळी पाचला, अमेरिका जागी झाली की,
त्याच तेलाच्या भावावर वायदे खेळतो.
हे सासऱ्यांना माहीत नाही.

पहिलं वर्ष एकच धडा घोकला:
वर गेलं की विक, खाली आलं की घे.
धडा चालायचाही.
कालचा उंच, कालचा नीच,
मधल्या बोळात भाव या भिंतीवरून त्या भिंतीवर.
दहा सेंट. बारा सेंट. भाजी-दुधाचे पैसे.

मग एका बुधवारी साडेसहाला साठ्याचे आकडे आले.
भाव कालच्या उंचावर गेला. मी विकलं.
आणखी वर गेला. आणखी विकलं.
जरा थबकला. म्हटलं, आला बघ माघारी.
तो माघारी येत नव्हता,
श्वास घेत होता.
रात्री अकरापर्यंत फ्लॅटचं चार महिन्यांचं भाडं गेलं.
वृंदाला सांगितलं, ओव्हरटाइमचा काहीतरी घोळ आहे.

दुसऱ्या दिवशी लाँचवर
हुसैन वांगडे, दाभोळचा तांडेल, उगाचच म्हणाला,
"सांग बरं, यातलं निघालंय कुठलं?"
मी धूर सोडणारं दाखवलं.
"धूर काय, सगळीच सोडतात. आत भात शिजतोय.
तोंडं बघ.
नांगरावरची सगळी एकाच दिशेला तोंड करतात,
पाणी येतं तिकडे.
जे सगळ्यांना आडवं झालंय, ते निघालंय.
आणि नांगर बघ. वर आलेल्या नांगराला चिखल असतो.
चिखल दिसेस्तोवर निघालं म्हणायचं नाही.
आणि निघालंच, तर त्याच्या पुढ्यात लाँच घालायची नाही.
ते थांबत नाही.
त्याच्या मनात आलं तरी थांबता येत नाही त्याला."

आता पाचला मी आधी तासभर हात बांधून बसतो.
वहीत लिहितो फक्त.
कांड्या एकमेकींच्या अंगावर पडतायत का.
सरासरीची रेघ पाटासारखी आडवी,
आणि भाव तिला ओलांडून इकडे, ओलांडून तिकडे?
मग साखळीएवढंच पाणी.
काठावर हात घालायचा, थोडक्यात उठायचं.
पण रेघ कलली असेल,
भाव मागे येऊन अर्ध्यावरूनच वळत असेल,
प्रत्येक तळ आधीच्या तळापेक्षा वर,
उलाढालीचे खांब उंच होत चाललेले,
तर आडवं जायचं नाही.
मागून जायचं, त्याच्याच पाण्यातून.

लिहायला सोपं आहे हे.

कारण एक तिसरं जहाजही असतं.
नांगर उचलतं, चिखलसुद्धा दिसतो,
आडवं होतं, दोन मैल सरकतं
आणि पुन्हा नांगर टाकून बसतं.
माझे सगळ्यात जास्त पैसे त्याने खाल्ले.
वांगडेला विचारलं, हे कसं ओळखायचं?
त्याने विडी समुद्रात टाकली.
"ते कप्तानाला ठाऊक.
कधी कधी त्यालाही नसतं."

आज पुन्हा बुधवार. सहा पंचवीस.
खोलीत एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
गॅलरीतून दिवे दिसतात,
नांगरावरची सगळी पांढरी.
चालत्या जहाजालाच लाल-हिरवा असतो.
रेघ अजून आडवी आहे, किंवा किंचित कलली आहे,
चष्मा पुसून बघितली तरी तेच.
वहीचं पान कोरं.
"चहा टाकू का?" वृंदा आतून विचारते.
टाक, म्हणतो.
दूर, खोर फक्कानच्या अंगाला,
एक लाल दिवा आहे.
सरकतोय की नाही, ते कठड्याच्या गजाला धरून बघतोय.