बेकु

येळ्ळूरच्या अंगणवाडीत
ताणकाट्याच्या झोळीत बसवलं की
कल्लाप्पाची स्वरा पाय आखडून घेते.
आठ किलो चारशे.
तक्त्यावरचा ठिपका पुन्हा पिवळ्या पट्ट्यात.

निंगव्वा टीचर कन्नडात लिहितात,
मी बोटांवर मराठीत मोजते:
चार महिने झाले, पोर बोलत नाही.
आई काजूच्या कारखान्यात.
चिकाने बोटं काळी, सोललेली,
म्हणून लेकीच्या गालावरून
हात फिरवते तोही उलटा.

"काय बघूलीस गे?" मी विचारते.
ती भिंतीवरच्या बदकाकडे बघत राहते.
त्याची चोच
मागच्या वर्षीच्या ओलीत पोपड्यासकट गळाली.

आज अंडी सोलत होते,
मागून कुणीतरी पदर ओढला.
"बेकु."
इतकं स्पष्ट
की टीचरचं पेन थांबलं.

चारला आई दारात. काय म्हणाली?
आमच्यातलं का त्यांच्यातलं?
हवं म्हणाली, मी सांगितलं.
अगं बाई, हवं म्हणाली.

उरलेलं अर्धं अंडं तिच्या मुठीतच होतं.
बलकाचा भुगा
बोटांच्या फटीतून पायरीवर सांडत होता
आणि आई, पहिल्यांदाच सुलट्या हाताने,
खाली ओंजळ धरून.