शून्याचं टोक

बँकेचे व्हॅल्युएटर साडेअकराला येणार
म्हणून मी रजा टाकली, अर्धी.
पूर्ण लागू नये हाच हिशेब.

रात्रीच कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं,
टेप सरळ पडावी.
पिंप, बादली, धुण्याचं स्टूल सगळं बाहेर जिन्यात.
शेजारच्या बिडयेबाईंना सांगून आले,
अकरा ते बारा मिरच्या भाजू नका.
का ते त्यांनी विचारलं नाही.

कागद टेबलावर, मागतात त्या क्रमाने.
वर शेअर सर्टिफिकेट, कै. यशवंत धोंडू घाडीगावकर,
त्याखाली म्हाडाचं वाटपपत्र, उल्हासची नोटरी केलेली संमती,
पावत्या, विजेचं बिल,
आणि मंजूर नकाशा, ज्याच्यासाठी
रेळे सेक्रेटरींच्या दाराशी माझ्या चार संध्याकाळी गेल्या.
प्रत्येकाची झेरॉक्स. कोपऱ्यात सही.
घाई मला होती.
उल्हासला त्याचा हिस्सा गणपतीच्या आत हवाय
आणि रिपोर्ट आल्याशिवाय फाईल हलत नाही.

कन्नमवार नगरात नवा माणूस चुकतोच,
म्हणून मी नाक्यावर, औषधाच्या दुकानाशी उभी राहिले.
ते मागच्या गल्लीतून आले.
सापळे. वय असेल अठ्ठावीस.
दोन जिने चढून त्यांना घाम फुटला होता,
पाणी मी आधीच भरून ठेवलं होतं.

भिंतीवर लाल ठिपका पडला आणि विझला.
सेल गेले, ते म्हणाले, ओशाळून.
मी आईचं बीपीचं मशीन उघडलं.
आतले सेल फुटून पांढरे झाले होते,
दीड वर्षात कोण बघतंय.

मग त्यांनी बॅगेतून टेप काढली.
धराल का जरा, ताई?
शून्याचं टोक माझ्याकडे,
आकडे त्यांच्याकडे.

मी अंगठ्याने भिंतीला दाबून उभी,
ते लांब जात जात वाचतात, लिहितात.
दहा फूट चार. आठ सात.
स्वयंपाकघरात मी ओट्याखाली वाकले
तर म्हणाले, राहू द्या, मी करतो.
म्हटलं, नको, एकाच्याने दुप्पट वेळ लागतो.
कॉट कुठे होती, सलाइनचा खिळा कोणता,
हे काही बोलले नाही. रिपोर्टात त्याला रकाना नाही.

आणि ही खोली?
खोली नाही, गॅलरी. नकाशात उघडी आहे.
त्यांनी नकाशा उलगडायच्या आत मीच सांगून टाकलं.
दादांनी चौऱ्याण्णव साली बंद करून घेतली,
उल्हासची बारावी होती.
मग तो पुण्याला गेला आणि मी इथे आले,
माझी पुस्तकं, माझा पंखा,
अंग वळवलं की खिडकीला लागणारं कोपर.

ही धरता येणार नाही, ताई.
नका धरू.
ते टेप गुंडाळायला लागले,
पण टोक मी सोडलं नव्हतं,
फळीखालच्या भिंतीला अंगठा तसाच.
मोजा, म्हटलं. लिहू नका.

पाच फूट अकरा.
इतकी वर्षं मी सगळ्यांना सहा सांगत आले.

जाताना शेवटचा रकाना भरला:
इमारतीचं उरलेलं आयुष्य,
दुरुस्ती होत राहिल्यास, पंधरा वर्षं.
माझी नोकरी उरली आठ.
मनात दोन्ही एकाखाली एक मांडून पाहिलं,
हातचा काही येत नव्हता.
फोटो काढायला मी सगळे दिवे लावले होते,
ते गेल्यावर एकेक बंद केला.

उल्हासचा फोन. झालं का?
झालं. चाळीस मिनिटांत.
एवढ्या लवकर? काय धरली किंमत?
ते बँकेला कळवतात, म्हटलं, आपल्याला नाही.
गॅलरीचं काय?
ऐकू येत नाहीये रे, नंतर कर.

पिंप आत घेतलं, बादली घेतली.
कपाट मागे रेटत होते
आणि पलीकडे बिडयेबाईंनी तवा ठेवला.
बारा वाजून गेले असणार.
मला जोराचा ठसका लागला.